उद्यानावरचा प्रवासलेख प्रथम वर्षाच्या इंग्रजी वर्गात कसा घ्यावा?

तासिका_४८

बी.ए. प्रथम वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवरचा एक प्रवासलेख घ्यायचा आहे. साधारण ९०० शब्द. लेखक दक्षिणेच्या टोकाने आत शिरतो आणि चालत चालत उत्तरेला बाहेर पडतो, एवढंच कथानक. पटावर ८० मुलं, प्रत्यक्ष वर्गात ५० च्या आसपास. बहुतेक मराठी माध्यमातून आलेली. वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, पण स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की पेन अडतं. तासिका सहा, प्रत्येकी ४८ मिनिटांच्या. प्रोजेक्टर नाही, फळा आणि झेरॉक्स एवढंच हाताशी.

ओळीओळीचं भाषांतर करून दिलं तर धडा 'होतो', पण इंग्रजी येत नाही. न्यूयॉर्क कुणीच पाहिलेलं नाही, मग हा लेख बाजूला ठेवून आपल्याकडच्या बागेवरचा उतारा घ्यावा का? आणि शेवटी 'तुमच्या गावातल्या उद्यानाचं वर्णन करा' असा १० गुणांचा प्रश्न आहे. त्यावर सगळ्यांचे निबंध एकसारखे येतात. जाणकारांनी सांगावं.

नकाशे_आणि_निबंध

भाषांतर बंद करायचं तर त्या जागी हाताला दुसरं काम द्यावं लागतं, नाहीतर मुलं गाईड उघडून भाषांतरच वाचतात. तुमच्या लेखात ते काम आयतं आहे. लेखक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो, म्हणजे लेख वाचून नकाशा काढता येतो. नकाशा बरोबर आला तर लेख कळला. मराठीत अर्थ विचारायची गरजच पडत नाही.

सेंट्रल पार्क यासाठी फार सोयीचं आहे, कारण ते सरळ आयत आहे. दक्षिणेला ५९ वी स्ट्रीट, उत्तरेला ११० वी, पूर्वेला फिफ्थ ॲव्हेन्यू, पश्चिमेला सेंट्रल पार्क वेस्ट. लांबी सुमारे ४ किलोमीटर, रुंदी ८०० मीटर, क्षेत्रफळ ८४३ एकर. फुलस्केपवर साडेपंचवीस सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर रुंद चौकट आखली की एका स्ट्रीटला बरोबर अर्धा सेंटिमीटर येतो. बेथेस्डा टेरेस ७२ व्या स्ट्रीटच्या रेषेत आहे, म्हणजे खालून साडेसहा सेंटिमीटरवर. मोठा जलाशय ८५ ते ९६, म्हणजे १३ पासून साडेअठरापर्यंत.

पहिली तासिका: लेख उघडू नका. फळ्यावर चौकट काढा, चारी बाजूंची नावं आणि दिशा लिहा. मग दिव्यांच्या खांबांचा खेळ घ्या. पार्कातल्या खांबांवर चार आकडी क्रमांक असतात. पहिले दोन आकडे जवळची स्ट्रीट सांगतात. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेकडे, विषम असेल तर पश्चिमेकडे. फळ्यावर ७२३५ लिहा आणि विचारा, 'व्हेअर आर यू?' उत्तर पूर्ण वाक्यात हवं: 'आय ॲम निअर सेव्हन्टी-सेकंड स्ट्रीट, ऑन द वेस्ट साइड.' इथेच 'सेव्हन्टी टू स्ट्रीट' म्हणणारे सापडतात आणि क्रमवाचक संख्यांची उजळणी फुकटात होते. आकडे शंभराच्या आतलेच घ्या, पुढच्या स्ट्रीटना पहिल्या दोन आकड्यांचा हिशेब सरळ लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत न्यूयॉर्क परकं राहत नाही, म्हणून लेख बदलायची घाई करू नका.

दुसरी तासिका: लेखाचे पाच तुकडे करा, प्रत्येकी १८० शब्दांच्या आसपास. तुकड्यांवर क्रमांक घालू नका, क्रम मुलांनी शोधायचा. बाकांच्या पाच रांगा असतील तर एका रांगेला एकच तुकडा द्या. एका पानावर दोन प्रती बसवल्या तर ५० मुलांना २५ पानं पुरतात. प्रत्येकाने आपल्या तुकड्यातल्या जागा आपल्या चौकटीत भरायच्या. रांगेत सगळ्यांचा तुकडा एकच असल्यामुळे अडलेला शेजाऱ्याला विचारतो.

तिसरी तासिका: प्रत्येक रांगेतला एक अशा पाच जणांचे गट. तुकडा पालथा ठेवायचा, नकाशा झाकायचा आणि तोंडी सांगून सगळ्यांचा मिळून एक पूर्ण नकाशा काढायचा. मराठी बोलणारच. 'अरे पट्टी दे' मराठीत चालेल, पण जागा सांगणारं वाक्य इंग्रजीतच, हा एकच नियम लावा. त्यासाठी फळ्यावर पाच साचे लिहून ठेवा: 'इट इज ऑन द … साइड', 'इट इज बिटवीन … अँड …', 'इफ यू वॉक नॉर्थ, यू कम टू …' वगैरे.

बिघडतं कुठे? डावं-उजवं. लेखक उत्तरेकडे चालताना 'ऑन माय लेफ्ट' म्हणतो तेव्हा ती पश्चिम. पण तो मध्येच पूर्वेकडे वळला की त्याची डावी बाजू उत्तर होते, आणि मुलं तळं भलतीकडे काढतात. उपाय साधा: लेखक ज्या दिशेला चालतो आहे ती बाजू वर येईल असा कागद फिरवायचा. दुसरी चूक प्रमाणाची. जलाशयाला लेखात एखादी ओळ असते म्हणून मुलं तो लाडवाएवढा काढतात. प्रत्यक्षात तो १०६ एकर आहे, पार्कचा आठवा भाग. लेखकाने कशाला किती शब्द दिले आणि ती जागा खरी केवढी, हे इथे आपसूक दिसतं. त्यावर दोन मिनिटं जरूर थांबा.

शब्दांबद्दल थोडं. कुणाच्या मदतीशिवाय वाचून समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं शब्दसंग्रहावरचं संशोधन सांगतं. ९०० शब्दांत हा हिशेब १८ अनोळखी शब्दांचा. तुमच्या वर्गात ५०-६० निघाले तर आधी छाटणी करा. एल्म, सिकामोर ही झाडं शिकवत बसू नका, 'काइंड ऑफ ट्री' एवढं समासात लिहून पुरे. कुठले शब्द कठीण ते पाहायला 'लेक्सट्यूटर' या मोफत संकेतस्थळावर मजकूर टाकला की शब्द नेहमीचा आहे की क्वचित येणारा, त्या गटांप्रमाणे ते शब्द रंगवून देतं. नेट नसेल तर मध्यम कुवतीच्या पाच मुलांना अडलेले शब्द अधोरेखित करायला सांगा. तीन किंवा जास्त जणांनी खूण केली तेवढेच शिकवा.

उपपद

वरची मांडणी पटली. चौथी तासिका भाषेला राखून ठेवा, पण 'लेखातलं सगळं व्याकरण' असा घोळ घालू नका. उद्यानावरच्या लेखात तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

वाट दाखवणारे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. मराठीत 'वरून' एकटा तीन कामं करतो: पुलावरून गेलो, मारुतीच्या देवळावरून गेलो, पुलावरून तळं पाहिलं. इंग्रजीत पहिल्याला 'ओव्हर', दुसऱ्याला 'पास्ट', तिसऱ्यालाच फक्त 'फ्रॉम'. मुलं तिन्हीकडे 'फ्रॉम' लावतात. 'आय वेंट फ्रॉम द ब्रिज' हे वाक्य व्याकरणाने ठीक दिसतं, म्हणून तपासताना नजरेतून सुटतं. अर्थ मात्र पुलापासून निघालो असा झालेला असतो. तसंच 'काठाने' म्हणजे 'अलाँग', 'झाडांमधून' म्हणजे 'थ्रू'. हे पाठ करून घेऊ नका. फळ्यावरच्या नकाशावर न बोलता खडूने वाट काढा आणि वर्गाला वाक्य सांगू द्या. पूल ओलांडला, तळ्याच्या कडेने गेलो, किल्ल्याशेजारून पुढे निघालो. दहा वाटा, दहा मिनिटं. मग उलटं करा: तुम्ही वाक्य म्हणा, एका मुलीने येऊन वाट काढायची.

याच वेळी 'रीच', 'एंटर', 'क्रॉस' ही तीन क्रियापदं उरका. 'रीच्ड टू द लेक', 'एंटर्ड इन द पार्क' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. तिन्हींच्या पुढे थेट जागेचं नाव येतं, मध्ये काही नाही.

काळ. प्रवासलेखात दोन काळ शेजारीशेजारी नांदतात. लेखकाने केलं ते भूतकाळात, आणि जी गोष्ट अजून तिथेच आहे ती साध्या वर्तमानकाळात. 'आय क्रॉस्ड द ब्रिज. इट स्टँड्स बिटवीन…' मुलांना वाटतं एकदा भूतकाळ सुरू केला की शेवटपर्यंत तोच, म्हणून 'द लेक वॉज बिग' लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं तळं आता बुजवलं. तुकड्यावर दोन रंगांनी अधोरेखन करून घ्या: घडलं ते निळं, आहे ते लाल. 'द पार्क इज हॅविंग अ लेक' आणि 'द पाथ इज गोइंग टू द लेक' हे दोन्ही नमुने येणारच. लाल रंगाच्या वाक्यांत 'आयएनजी' दिसला की थांबून बघा, एवढी सूचना बहुतेक वेळा पुरते.

उपपदं, म्हणजे 'अ' आणि 'द'. नियम सांगण्यापेक्षा पार्कातल्या जागांची नावं दोन रकान्यांत लिहा. एकीकडे द मॉल, द लेक, द रॅम्बल, द ग्रेट लॉन, द रिझर्व्हॉयर. दुसरीकडे बो ब्रिज, बेथेस्डा टेरेस, बेल्व्हेडिअर कॅसल, स्ट्रॉबेरी फील्ड्स आणि खुद्द सेंट्रल पार्क. पहिल्या रकान्यात बहुतेक साधी नामं किंवा विशेषणासकट साधं नाम, ज्यांना त्या जागेपुरतं नावाचं रूप आलंय. दुसऱ्यात पूर्ण विशेषनामं. नियम मुलांनाच काढू द्या. शीप मेडो सारखं एखादं नाव दोन्ही रकान्यांत बसू पाहतं, त्यावर वाद झाला तर होऊ द्या. (बो ब्रिजचा उच्चार 'बो' असाच, धनुष्यातला. 'बाऊ' नव्हे.) आपल्या मुलांचं खरं दुखणं मात्र याच्या आधीचं आहे: 'देअर इज वन लेक'. मराठीतला 'एक' थेट उतरतो. मोजायचं असेल तरच 'वन', नुसती ओळख करून द्यायची असेल तर 'अ', हे फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहू द्या.

पडीक_प्लॉट

तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी सांगितली. एक धोका मात्र सांगून ठेवतो. सेंट्रल पार्कवरचे लेख सहसा कौतुकाच्या सुरात असतात, आणि वर्ग संपताना 'तिकडे किती छान, आपल्याकडे कचरा' एवढंच हाती उरतं. विद्यापीठातल्या मुलांना लेखकाने काय गाळलं हेही विचारता आलं पाहिजे.

तीन गोष्टी दहा मिनिटांत सांगता येतात. हे उद्यान 'नैसर्गिक' नाही. १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला. तळी खोदली, झाडं लावली, आणि शहराला आडवे हवे असलेले चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली घेतले, म्हणजे फिरणाऱ्याला वाहनं दिसू नयेत. दुसरं, ही जागा रिकामी नव्हती. ८२ ते ८९ या स्ट्रीटच्या पट्ट्यात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती १८२५ पासून होती. बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं, त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःच्या मालकीची घरं, चर्च, शाळा. १८५७ मध्ये ती हटवली. उद्यानाच्या सगळ्या जागेवरून मिळून सुमारे १६०० लोकांना जावं लागलं. तिसरं, शीप मेडोवर १९३४ पर्यंत खरोखरच्या मेंढ्या चरत होत्या.

या तिन्हींतून भाषेचं कामही निघतं, नाहीतर तो इतिहासाचा तास होतो. पहिल्यातून कर्मणी प्रयोग: 'द लेक वॉज डग', 'द रोड्स वेअर सन्क'. तिसऱ्यातून 'यूज्ड टू'. दुसऱ्यातून लेखनाचा प्रश्न: लेखक ८५ व्या स्ट्रीटजवळून पश्चिम बाजूने चालला असता तर तिथे एक परिच्छेद काय लिहिला असता? ६० शब्द पुरेत.

आपल्याकडचा उतारा बदली म्हणून घेऊ नका, जोडीला घ्या. पुण्याच्या मुलांना सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सोयीचं आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे, आणि मूळ कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली. म्हणजे 'बाग एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते का' हा प्रश्न दारातच उभा. मुंबईकरांना राणीची बाग. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड आता तिथे आहे आणि घारापुरीचा दगडी हत्तीही तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. म्हणजे शहराने हलवलेल्या वस्तू एका कुंपणात सापडतात.

तासिका_४८

सर्वांचे आभार. नकाशाचं काम नक्की करणार. दोन शंका राहिल्या. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची एकच बाग आहे, घसरगुंडी आणि चार बाकडी. त्यावर काय लिहिणार? आणि मोबाइलवर तयार निबंध मागवून उतरवतात, त्याला उपाय काय? शिवाय ८० निबंध तपासायचे आहेत.

लाल_पेन

घसरगुंडी आणि चार बाकडी असलेली बाग लेखनाला जास्त चांगली. मोठ्या उद्यानाची माहिती नेटवर असते, त्या बागेची नसते. दोन्ही शंकांचं उत्तर एकच: निरीक्षण-पत्रक.

फुलस्केपचं अर्धं पान. वर तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. खाली सहा रकाने: फाटकावरची पाटी जशीच्या तशी, फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत पावलं, डावीकडे आणि उजवीकडे काय लागतं ते क्रमाने, तीन आवाज, मोडलेली किंवा दुरुस्त केलेली एक वस्तू, त्या वेळी तिथे असलेली माणसं काय करत होती. नोंदी तुटक, इंग्रजी अडलं तिथे मराठी शब्द चालेल. पाटी मराठीत असेल तर मराठीतच उतरवायची. अर्धा तास पुरतो. तीन-चार जणांच्या गटाने जायचं, पण पत्रक ज्याचं त्याने भरायचं. नगरपरिषदेच्या बागा दुपारी बंद असतात, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्या. मुलींना संध्याकाळ सोयीची नसेल तर सकाळचा गट वेगळा करा. बागेपर्यंत येणं शक्य नाही त्यांना कॉलेजचं आवार, एसटी स्टँडसमोरची हिरवळ, देवळाचं पटांगण, काहीही चालेल. फक्त आत जायची आणि बाहेर पडायची जागा वेगळी असावी, म्हणजे वाट तयार होते.

निबंध घरून आणायचाच नाही. सहाव्या तासिकेत वर्गात, मोबाइल पिशवीत, समोर फक्त पत्रक. ३० मिनिटांत १५० शब्द. मग कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि शेजाऱ्याने पाच मिनिटांत त्यावरून नकाशा काढायचा. जिथे पेन्सिल थांबली तिथे समासात प्रश्नचिन्ह. उरलेल्या वेळात लेखकाने तेवढीच वाक्यं सुधारायची. पाठ करून आणलेला निबंध इथे उघडा पडतो. 'लश ग्रीनरी' आणि 'सिरीन ॲटमॉस्फिअर' यावरून नकाशा निघत नाही.

गुण असे ठेवा: वाट समजते का ४, पत्रकातले तपशील लेखात उतरलेत का ३, दोन काळांची वाटणी २, 'अ' आणि 'द' १. स्पेलिंगला गुण कापू नका, नाहीतर मुलं येणारेच शब्द वापरतात. पत्रक जोडलं नसेल तर तपशिलाचे गुण शून्य, आणि हे आधीच जाहीर करा. तपासताना सगळ्या चुकांना लाल करायचं नाही. चौथ्या तासिकेत शिकवलं तेवढंच पाहायचं. मग एका निबंधाला तीन मिनिटं लागतात. ८० निबंध म्हणजे चार तास, दोन बैठकीत होतात.

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी एक अडचण येते: पत्रकातल्या नोंदी जशाच्या तशा एकाखाली एक लिहिल्या जातात आणि लेखाची यादी होते. त्यासाठी पत्रकाच्या पाठीमागे आधी वाटेची रेघ काढायला लावा आणि नोंदी रेघेवर ठेवायला सांगा. ज्या नोंदीला रेघेवर जागा मिळत नाही ती गाळायची.

उपपद

लाल_पेन यांच्या योजनेत पाचवी तासिका रिकामी दिसते. लिहिण्याआधी तिथे बोलून घ्या. तोच फेरफटका पहिल्या जोडीदाराला तीन मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला दोन मिनिटांत, तिसऱ्याला एका मिनिटात. मजकूर तोच, वेळ कमी, त्यामुळे अडखळणं घटतं आणि लिहायला बसताना वाक्यं जिभेवर असतात. कच्च्या वर्गात पहिल्याच फेरीला मुलांचं बोलणं मिनिटभरात संपतं आणि उरलेला वेळ शांतता. तिथे दोन मिनिटं, दीड, एक असं घ्या. जोड्या बदलताना सगळ्यांना उठवू नका. बाकावरचा डावीकडचा बसून राहील, उजवीकडचा एक बाक पुढे सरकेल, रांगेतला पहिला मागे जाईल. ऐकणाऱ्यालाही काम हवं: बोलणाऱ्याने पुढे कुठल्या बाजूला वळायचं ते सांगितलं नाही तर हात वर करायचा. पन्नासातली पंचवीस एकाच वेळी बोलणार, तेव्हा शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्या किंवा तास शेवटचा मागून घ्या.